पांढऱ्या खुर्चीवरची टीका

डिझाइनच्या धंद्यात ‘रॅशनाल’ नावाचा एक लेखनप्रकार असतो. ग्राहकाला तीन पर्याय दाखवायचे आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या: हा निळा का, हे अक्षर का, इथे मोकळी जागा का. मी सात वर्षं पाकिटांची डिझाइनं केली. गोळ्यांच्या स्ट्रिपा, साबणाची वेष्टनं, बॅटरीचे पुठ्ठे. रॅशनाल मी झकास लिहायचे, इतकं की सहकारी आपापल्या कामाखालच्या ओळीही माझ्याकडून लिहून घ्यायचे. गंमत अशी की डिझाइन आधी व्हायचं आणि कारणं मागून यायची. मागच्या आठवड्यात लाल नाकारला गेला म्हणून निळा घेतलेला असायचा, आणि खाली मी लिहायचे की निळ्या रंगाने विश्वास वाटतो.

त्यातलं एक रॅशनाल अंगाशी आलं. गोळ्यांच्या एका स्ट्रिपवर मी औषधाचं नाव एकदाच, मोठं, मधोमध घेतलं होतं आणि खाली ‘स्वच्छ, विश्वासार्ह मांडणी’ वगैरे लिहिलं होतं. काही महिन्यांनी ऑफिसातल्या एकीचं डोकं दुखत होतं. तिने पर्समधून कापलेली चार गोळ्यांची पट्टी काढली. माझीच. नावाची दोन अक्षरं उरली होती, आणि मुदतीची तारीख असलेली कड कात्रीबरोबर गेली होती. “ही कशाची गं?” तिने विचारलं. मलाही सांगता येईना.

त्या रात्री मी त्या पट्टीवर दीड पान लिहिलं. कोणासाठी, ते माहीत नव्हतं. पण सात वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या कामाची वकिली न करता त्याच्याकडे नुसतं पाहून लिहिलं होतं. त्या दीड पानाच्या जोरावर पुढे मला डिझाइन समीक्षा आणि लेखन या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला.

असा अभ्यासक्रम असतो हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. तो असण्याला फार वर्षंही झालेली नाहीत. लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्ट यांनी मिळून डिझाइनच्या इतिहासाचं पदव्युत्तर शिक्षण १९८२ साली सुरू केलं. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्सने खास डिझाइन समीक्षेचा अभ्यासक्रम २००८ साली काढला. तो आधी दोन वर्षांचा होता, पुढे एका वर्षाचा झाला. मी शिकले ते ठिकाण या दोन्हींपैकी नव्हे. त्याचं नाव इथे महत्त्वाचंही नाही, कारण अशा अभ्यासक्रमांचा सांगाडा बराचसा सारखा असतो: इतिहास, संशोधनाच्या पद्धती, लेखनाची कार्यशाळा, संपादन आणि शेवटी प्रबंध.

अर्जासोबत लेखनाचे तीन नमुने, उद्देशपत्र आणि दोन शिफारसपत्रं द्यायची होती. उद्देशपत्र मी चारदा लिहिलं. पहिले तीन खर्डे वाचून लक्षात आलं की मी स्वतःचंच रॅशनाल लिहिते आहे. आयुष्यात जे जे आपोआप घडलं त्याला मागून कारणं चिकटवते आहे. चौथ्यात फक्त त्या पट्टीबद्दल लिहिलं. पोर्टफोलिओ ऐच्छिक होता. मी घसघशीत जोडला, आणि मुलाखतीत कळलं की तो कोणी उघडलाही नव्हता. दीड पानाबद्दल मात्र पंधरा मिनिटं प्रश्न आले. स्ट्रिप कापून देण्याची वेळ का येते? कापणारा कोण असतो? तारीख कडेलाच का येते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. सात वर्षं स्ट्रिपा करून!

मुलाखत संपता संपता त्यांनी विचारलं, “या खोलीतली सगळ्यात वाईट डिझाइनची वस्तू कोणती?” मी बसले होते ती पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्च्या कमी पडल्या म्हणून कुठून तरी उचलून आणलेली. मी लगेच तिच्याकडे बोट दाखवलं. “का?” “स्वस्त वाटते. आणि जिथे तिथे असते.” समोरच्या बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. दीड वर्षाने त्याच बाई माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक झाल्या, तेव्हा मी विचारलं की त्या दिवशी काय लिहिलं होतंत. त्यांना मुलाखतच नीट आठवत नव्हती.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. दोघं वर्तमानपत्रांतून आलेले, एक ग्रंथपाल, एक वास्तुविशारद, एक यंत्र अभियंता, बाकी माझ्यासारखे डिझाइनवाले. पत्रकारांना पहिलं वाक्य झटकन सुचायचं, पण प्लॅस्टिकची वस्तू साच्यातून बाहेर पडावी म्हणून तिच्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, असली गोष्ट त्यांच्या गावीही नसायची. आम्हाला सगळं माहीत, पण आमची वाक्यं कुठे थांबायची नाहीत. पहिले दोन महिने दोन्ही बाजू मनातल्या मनात एकमेकांना कच्चं समजत होत्या.

माझी पहिली मोठी फजिती लिंबाच्या रसात झाली. फ्रेंच डिझाइनर फिलिप स्टार्क यांनी अलेसी या इटालियन कंपनीसाठी केलेला लिंबू पिळायचा स्क्वीझर १९९० साली बाजारात आला: तीन लांब पायांवर उभा, चकचकीत ॲल्युमिनियमचा, कोळ्यासारखा दिसणारा. त्यावर ८०० शब्द लिहायचे होते. मी खदखदून हसवणारा लेख लिहिला. रस पायांवरून ओघळतो, ओटा चिकट होतो, आणि लिंबू सोडून सगळ्याला रस सुटतो, असं काहीसं. वर्गात वाचला तेव्हा सगळे हसलेही. मग शिक्षकांनी पिशवीतून तोच स्क्वीझर, डझनभर लिंबं आणि एक ग्लास काढला. म्हणाले, “ज्यांनी लिहिलंय त्यांनी पिळा.”

रस पायांवरून ओघळला नाही. पाय वरून वाकून बाहेर जातात आणि मधलं पन्हाळीदार अंग खाली निमुळतं होत टोकाशी संपतं. रस त्या पन्हाळींतून उतरून टोकावरून नीट ग्लासात पडला. बिया आणि गरही पडला, कारण गाळणी नाहीच. दाब दिला की पाय गुळगुळीत टेबलावर सरकत होते, म्हणून दुसऱ्या हाताने एक पाय धरावा लागला, आणि मग ग्लास धरायला हात उरला नाही. म्हणजे वस्तूत खोट होती, पण मी लिहिली ती नव्हे. मी फोटो पाहून लिहिलं होतं. हसलेल्या वर्गात चौघांनी तरी तसंच केलं होतं, हा माझा संशय अजून आहे.

पुढच्या आठवड्यात वाचायला चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याचा १९५८ सालचा ‘इंडिया रिपोर्ट’ होता. भारत सरकारच्या विनंतीवरून लिहिलेला. त्याच्या आधारावर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यात लोट्यावर एक परिच्छेद आहे. लोटा सुंदर आहे असं म्हणून ते थांबत नाहीत, तर तो घडवताना कोणकोणत्या गोष्टींचा विचार व्हावा लागेल याची यादीच देतात: पाणी किती मावतं, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जातो, ओतताना धार कशी पडते, आत हात घालून घासता येतो का, आपटला तर आवाज कसा येतो. वर्गात ‘लोटा’ म्हणजे काय हे समजावून घ्यावं न लागलेली मी एकटीच होते, आणि तरीही यातले निम्मे प्रश्न मला कधी पडले नव्हते. लहानपणापासून जी वस्तू हाताळली तिच्याकडे पाहायला मी परक्यांच्या अहवालातून शिकत होते. जरा लाज वाटली.

टिपणं मी मराठीत काढायचे. ‘क्रिटिसिझम’साठी वहीत कधी ‘समीक्षा’ लिहायचे, घाईत ‘टीका’. आपल्याकडे टीका म्हटलं की ठपकाच ऐकू येतो. एका रात्री तो शब्द लिहिता लिहिता त्याचा जुना अर्थ आठवला. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. तिथे गीतेतल्या चुका काढलेल्या नाहीत. श्लोकाच्या शेजारी बसून, ओवीमागून ओवी, तो उलगडला आहे. मूळचे ७०० श्लोक, ओव्या सुमारे ९०००. शब्दमर्यादेत गुदमरणाऱ्या मला हे प्रमाण फारच दिलासा देणारं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे वस्तूचा एकेक भाग, उजवीकडे तो काय करतो. ‘कसा आहे’ हे लिहायला जागाच ठेवली नाही. पुढची दोन वर्षं प्रत्येक लेखाआधी मी हे पान भरत गेले. वर्गात ही पद्धत कोणाला सांगितली नाही. नीट भाषांतर करता आलं नसतं.

इतिहासाच्या वर्गांबद्दल भरभरून लिहिता येईल, पण एकाच गोष्टीवर थांबते. बिॲट्रिस वॉर्ड यांचं १९३० सालचं व्याख्यान टायपोग्राफीच्या विद्यार्थ्यांना पाठच असतं: चांगली छपाई काचेच्या नितळ पेल्यासारखी असावी, पेला दिसू नये, आतलं मद्य दिसावं. मलाही तेवढंच माहीत होतं. इथे कळलं की त्याआधी, १९२६ साली, त्यांनी पॉल बोजाँ या पुरुषी टोपणनावाने एक शोधलेख लिहिला होता. सोळाव्या शतकातल्या गारामों या फ्रेंच कारागिराचे म्हणून जे टंक, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे, मिरवले जात होते, ते खरं तर सतराव्या शतकातल्या ज्याँ जानों यांनी कोरलेले आहेत, हे त्यांनी जानों यांच्या १६२१ सालच्या नमुनापुस्तकावरून दाखवून दिलं. लेख वाचून टंक बनवणाऱ्या मोनोटाइप कंपनीने बोजाँ साहेबांना काम देऊ केलं, आणि समोर आल्या त्या वॉर्डबाई. ही गोष्ट सगळ्यांना त्या टोपणनावासाठी आवडते. मला आवडली ती ग्रंथालयात बसून एक जुनं पुस्तक दुसऱ्या जुन्या पुस्तकाशेजारी ठेवण्यासाठी. अभिरुचीचा निवाडा नाही, चमकदार वाक्य नाही. दोन पानं शेजारी ठेवली, आणि नामांकित टंकांचा जनक बदलला.

पहिल्या वर्षाच्या मध्यावर आलेला एक वर्ग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. शिक्षिकेने प्रत्येकाच्या हातात मतपत्रिकेची एक छापील प्रत दिली आणि दोन मिनिटांत अल गोर यांच्यापुढच्या भोकावर खूण करायला सांगितलं. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीतली, नोव्हेंबर २००० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीची मतपत्रिका. उमेदवार दहा. नावं समोरासमोरच्या दोन पानांवर, फुलपाखराच्या पंखांसारखी, आणि टोचायची भोकं मधल्या एकाच रांगेत. डाव्या पानावर पहिले बुश, दुसरे गोर. पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या पहिल्या उमेदवाराचं, म्हणजे पॅट ब्युकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. अकरांपैकी तिघांनी चुकीच्या जागी खूण केली, त्यात मी. आणि आम्ही सगळे डोळ्यांनी पोट भरणारे लोक!

त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली, राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. दोन भोकं पडल्यामुळे १९ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. आणि संपूर्ण फ्लोरिडा राज्याचा, म्हणजेच अखेर राष्ट्राध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला.

मी लगेच मनात लेख लिहायला घेतला: निष्काळजी, आंधळं, मतदाराला तुच्छ लेखणारं डिझाइन. तेवढ्यात शिक्षिका म्हणाल्या, नावं दोन पानांवर का गेली असतील? उत्तर असं की काउंटीत वयस्कर मतदार पुष्कळ, म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षर मोठं केलं. मोठ्या अक्षरात राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्षांच्या दहा जोड्या नावं एका पानावर मावेनात, म्हणून दुसरं पान. नमुना आधी मतदारांना गेला होता. राजकीय पक्षांनीही तो पाहिला होता. तुच्छ लेखणं सोडाच, कोणीतरी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची काळजी घेतली होती.

म्हणजे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रॅशनाल उत्तम होतं. ‘ज्येष्ठ मतदारांना वाचता यावं म्हणून मोठा टाइप.’ हे वाक्य मीच लिहिलं असतं, आणि अभिमानाने. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हेतूकडून वस्तूकडे जाणारा रस्ता मला पाठ आहे, उलटा अजिबात नाही. भोकापासून सुरुवात करून मागे मागे जायला हवं: बोट कुठे पडतं, डोळा कुठून येतो, पान का वळलं, अक्षर का वाढलं. मी त्यावर २,००० शब्दांचा निबंध लिहिला. त्यात कोणालाही दोष दिला नाही. शेऱ्यात शिक्षिकेने लिहिलं, “आता फार मऊ झालं. १९ हजार मतं बाद झालीत.” तेही खरं होतं.

लेखन कार्यशाळेचा नियम असा की लेख मोठ्याने वाचायचा आणि मग वीस मिनिटं लेखकाने तोंड उघडायचं नाही. स्पष्टीकरण देणं हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा होता त्याला ही वीस मिनिटं कशी जातात ते विचारू नका. ग्रंथपाल मैत्रीण पेन्सिलीने प्रत्येक न तपासता येणाऱ्या वाक्याखाली रेघ मारायची. माझी पानं शेवाळासारखी दिसायची. ‘सुटसुटीत’ शब्दावर तिने विचारलं होतं, “सुटसुटीत म्हणजे किती मिलिमीटर?” चिडून मी मोजपट्टी घेऊन गेले, आणि खरोखरच त्या फॉर्मवर दोन रकान्यांमधलं अंतर मोजलं. चार मिलिमीटर. लेखात ‘सुटसुटीत’ काढून ‘चार मिलिमीटर’ घातलं. वाक्य सुधारलं, हे कबूल करायला आठवडा लागला.

तसाच एक धक्का रुग्णालयातल्या दिशादर्शक फलकांवरच्या लेखाने दिला. फलक चांगले आहेत, रंगांची विभागणी स्पष्ट आहे, असं मी लिहिलं. एकच प्रश्न आला: “किती वाजता गेला होतात?” रविवारी दुपारी. सोमवारी सकाळी पुन्हा गेले. माणसांच्या डोक्यांमागे खालचे सगळे फलक झाकले गेले होते, आणि लोक फलक न पाहता सुरक्षारक्षकाला विचारत होते. रक्षकाने आपल्या टेबलावर हाताने काढलेला नकाशा चिकटवला होता. लेख त्या नकाशावर झाला.

बाकीच्या विषयांतलं प्रदर्शनाची पाटी लिहिणं सर्वांत अवघड. साठ शब्द, उभ्याने वाचणारा माणूस, मागे गर्दी. मुलाखती घेणं मला जमलं नाही. मी गप्प बसण्याऐवजी माणसाच्या तोंडात शब्द घालायचे. छायाचित्रांच्या परवानग्या मिळवण्यात जेवढा वेळ जातो तेवढा लिहिण्यात जात नाही, हे कोणी आधी सांगत नाही. आणि नीतीचा एक तास होता, जो मला अपुरा वाटला. डिझाइनवर लिहिणारे बहुतेक जण डिझाइनवाल्यांचे मित्र, विद्यार्थी किंवा आश्रित असतात. भेट म्हणून दिवा आला तर परत करायचा हे ठीक. पण ज्याच्याकडे उद्या नोकरी मागायची आहे त्याच्या कामावर आज काय लिहायचं? त्यावर चर्चा झाली, उत्तर झालं नाही.

दुसरं वर्ष प्रबंधाचं. मी ‘पाकिटांचा इतिहास’ असा विषय दिला, मार्गदर्शक बाईंनी तो पाहून “आयुष्य किती उरलंय?” एवढंच विचारलं. मग एकच वस्तू घ्यायचं ठरलं. रेनर बॅनहम यांच्यासारखा वास्तुकलेचा मोठा इतिहासकार क्लिपबोर्डवर आणि वेफर्सवर निबंध लिहू शकतो, तर मी मुलाखतीत जिला नावं ठेवली त्या खुर्चीवर का नाही?

जाणकार तिला ‘मोनोब्लॉक’ म्हणतात: एकाच साच्यातून, एकाच दमात निघालेली एकसंध खुर्ची. पहिल्या खर्ड्यात मी ठोकून दिलं की हिचा जनक फ्रान्सचा ऑन्री मासोने, खुर्ची ‘फोतॉय ३००’, साल १९७२. ग्रंथपाल मैत्रिणीची पेन्सिल ‘जनक’वर थांबली. खणायला लागले तशी वंशावळ मागे मागे जाऊ लागली. १९४६ मध्ये कॅनडात सिम्पसन आणि डोनाह्यू यांनी एकसंध प्लॅस्टिक खुर्चीचा नमुना केला होता. तो उत्पादनात गेलाच नाही. १९६०च्या दशकात हेल्मुट बेट्झनर यांची जर्मनीतली खुर्ची, १९६७ मध्ये व्हर्नर पँटन यांची बिनपायांची लाट, १९६९ मध्ये इटलीच्या व्हिको माजिस्त्रेत्ती यांची ‘सेलेने’. या साऱ्या आज संग्रहालयांत आहेत. मासोने यांनी केलं ते एवढंच की खुर्ची दोन मिनिटांच्या आत साच्यातून बाहेर काढली. पुढच्या दशकात ठिकठिकाणचे कारखाने तशीच खुर्ची काढू लागले, आणि कर्त्याचं नाव गळून पडलं. ‘जनक’ खोडून मी ‘एक टप्पा’ लिहिलं.

कारखान्यात दोन दिवस बसले. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे दाणे सुमारे २२० अंशांपर्यंत तापून वितळतात, दाबाने पोलादी साच्यात शिरतात, थंड होतात, साचा उघडतो, खुर्ची बाहेर. कामगार चाकूने बैठकीखालचा एक छोटा बोंडासारखा भाग छाटतो, प्लॅस्टिक आत शिरलं ती जागा. प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली तो वण असतो. उलटी करून पाहा. पाय भरीव नसतात, काटकोनात दुमडलेल्या पत्र्यासारखे असतात, म्हणून कमी मालात ताठ राहतात. हात फक्त टेकायला नाहीत, ते पाठीला पुढच्या पायांशी बांधून ठेवतात. पाय बाहेर फाकलेले असल्याने एकीवर एक रचता येतात. माझ्या वहीतली उजवी बाजू कधी नव्हे ती भरून वाहू लागली. तिथल्या फोरमनने एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच पुस्तकात मला सापडली नव्हती: खुर्ची स्वस्त, पण साचा फार महाग, म्हणून कंटाळा आला की साचा विकतात, आणि तीच खुर्ची दुसऱ्या देशात नव्याने जन्माला येते. मी एका डिझाइनरच्या शोधात होते. तिकडे साचाच गावोगाव फिरत होता.

तिला स्वस्त म्हणणारी मी एकटीच नव्हते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने रस्त्याचं रूप बिघडतं म्हणून २००८ पासून या खुर्च्यांना सार्वजनिक जागेत बंदी घातली होती. ती २०१७ मध्ये उठली. त्याच वर्षी सीमेपलीकडे, जर्मनीतल्या अगदी शेजारच्या वाइल आम राइन गावात, व्हिट्रा डिझाइन म्युझियमने याच खुर्चीचं प्रदर्शन भरवलं. आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या फ्री व्हीलचेअर मिशन या संस्थेने हीच पांढरी खुर्ची चाकांच्या सांगाड्यावर बसवून गरजूंना चाकाच्या खुर्च्या दिल्या, लाखोंच्या संख्येने.

इथे माझा तोल गेला. दुसरा खर्डा म्हणजे खुर्चीचा पोवाडा झाला होता. बाईंनी परत पाठवला: “पुन्हा वकिली?” मग मी एका मोडक्या खुर्चीपाशी तीन आठवडे जाऊन बसले. मागचा पाय बैठकीला मिळतो तिथे तिला तडा होता. उन्हाने रंग खडूसारखा झाला होता, हात फिरवला की पांढरी भुकटी लागे. कोणीतरी तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून तारेने टाके घातले होते. एकसंध असण्याची दुसरी बाजू तिथे दिसली. स्क्रू नाही, जोड नाही, म्हणजे दुरुस्तीला वाटच ठेवलेली नाही. लाकडी खुर्चीचा पाय बदलता येतो. हिची सगळीच बदलावी लागते. टाके घालणाऱ्याने ती वाट बाहेरून पाडली होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या अकरा टाक्यांवर आहे. माझ्या मते तेवढंच चांगलं आहे. पहिली दोन प्रकरणं आज पुन्हा लिहायला आवडेल.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सिद्धांताचं काही विचारलं नाही. “वजन किती?” मी चार वेगवेगळ्या कारखान्यांच्या तोलल्या होत्या, दोन ते अडीच किलोंच्या दरम्यान. “माल कुठे वाचवलाय?” पाठीत, सांगितलं. मग म्हणाले, “हा प्रबंध लिहिताना तुम्ही कोणत्या खुर्चीवर बसला होतात?” चाकांच्या, उंची कमीजास्त करता येणाऱ्या, पाठीला आधार देणाऱ्या. मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेले.

पदवी मिळून आता तीन वर्षं झाली. अभ्यासक्रमाने नोकरी दिली नाही. डिझाइनवर लिहिणारा पूर्णवेळ समीक्षक पगारावर ठेवणारी नियतकालिकं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच असतील, आणि तिथली माणसं हलत नाहीत. वर्गातले दोघं संग्रहालयांत पाट्या लिहितात, अभियंता परत यंत्रांकडे गेला, ग्रंथपाल ग्रंथालयातच आहे आणि अजून माझे खर्डे तपासते. मी आठवड्याचे तीन दिवस पाकिटं करते, दोन दिवस लिहिते.

मध्यंतरी एका स्ट्रिपचं काम आलं. औषधाचं नाव मी प्रत्येक गोळीच्या कप्प्यामागे बारीक अक्षरात छापायचं ठरवलं. रॅशनाल एका ओळीचं होतं: ‘चार गोळ्या कापल्या तरी नाव उरतं.’ ग्राहकाने ते मान्य केलं. तारीख मात्र अजून कडेलाच आहे. मुलाखतीत न आलेलं उत्तर मला आता मिळालं: फॉइल आधी छापून येतं, तारीख आणि बॅच क्रमांक गोळ्या भरून स्ट्रिप बंद करताना पडतात, आणि त्या यंत्राचा ठसा कडेला बसवलेला असतो. ठसा हलवायचा तर यंत्र थांबवावं लागेल, आणि ते कोणाला नको आहे. पुढच्या आठवड्यात मला ते यंत्र पाहायला परवानगी मिळाली आहे. वही तयार आहे, उभी रेघ मारून.